अंधारात ठेवायचं झाड

मला त्या झाडाची किळस आली ती पहिल्याच दिवशी, आणि मी ती लपवलीही नाही. वर्षाअखेरच्या सुट्ट्यांच्या दिवसांत बँकांत, हॉटेलांत, दुकानांच्या काचेत मांडून ठेवतात ना, ते लाल पानांचं झाड. सुट्ट्या संपल्या की तेच झाड कचऱ्याच्या डब्याशेजारी आडवं पडलेलं असतं. तसलं एक झाड छातीशी धरून माझा भाऊ आमच्या दारात उभा राहिला. एका हातात बॅग, दुसऱ्यात ते. अर्धी पानं गळलेली, उरलेली विटकी, आणि कुंडीला चकचकीत सोनेरी कागद गुंडाळलेला. त्या कागदात किती दिवसांचं पाणी साचलं होतं कोण जाणे. मी कागद सोडवायला गेले आणि ते हिरवट पाणी भळकन माझ्या पायांवर. तुंबलेल्या मोरीचा वास. शी. मी ती चप्पल पुन्हा पायात घातली नाही.

माझं नाक तसं तिखट. नाकावरच पोट चालतं म्हणा ना. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढते. कपडा आला की आधी नाकाशी धरायचा, मग डोळ्यांसमोर. रक्त वेगळं, घाम वेगळा, ओकारी वेगळी, प्रत्येकाचं औषध वेगळं. कोणाचा कोट माझ्या टेबलावर आला की तो माणूस काल कुठे बसला होता आणि घरी काय सांगून गेला होता, ते मला कळतं. मी बोलत नाही. डाग काढते, हँगरला लावते.

भाऊ माझ्यापेक्षा लहान, म्हणून बारक्या. अंगानं दरवाजाएवढा आहे, पण नाव पडलं ते पडलं. फरशी बसवायचं काम करायचा. हात इतका साफ होता की दोन फरश्यांमधली रेघ दोऱ्यानं मारल्यासारखी यायची. मग पिणं सुरू झालं आणि त्या रेघा वाकड्या व्हायला लागल्या. शेवटी शेवटी हात असे थरथरायचे की चहाचा कप बशीवर टकटक वाजायचा. बायको निघून गेली, कामं गेली, खोली गेली. मीच त्याला धरून व्यसनमुक्ती केंद्रात टाकला. तिथून तो बाहेर आला तो हे झाड घेऊन.

त्या केंद्राची ही रीतच आहे. सुट्ट्यांत त्यांचा हॉल ह्या झाडांनी भरलेला असतो. घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्यातलं एक झाड देतात. ते वर्षभर सांभाळायचं, पुढच्या सुट्ट्यांच्या आधी पुन्हा लाल करायचं आणि हॉलमध्ये आणून ठेवायचं.

"आणि नाही झालं लाल तर?" मी विचारलं.

"सर म्हणतात, रोज संध्याकाळी ज्याला आपण कोण आणि कुठे ह्याची शुद्ध असते, त्याचं होतं," बारक्या म्हणाला. "हिरवं झाड घेऊन आलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, ताई. फक्त बघतात."

मला हे सगळं थोतांड वाटलं. पिणं सोडवायचं तर सोडवा, ही कुठली बागकामाची थेरं. पण मी गप्प बसले, कारण घरात बोलायचं खातं दुसऱ्याकडे होतं.

आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मीही मागे मास्तरच म्हणते. शर्टाला इस्त्री, नखं कापलेली, गाडीच्या काचेवर बोट उमटलं तरी लगेच पिवळ्या फडक्यानं पुसणार. शिकवताना ओरडून ओरडून घसा बसतो म्हणून तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. त्यांनी त्या दिवशी बारक्याला खुर्चीवर बसवलं आणि आपण उभं राहून नियम सांगितले.

"ह्या घरात थेंब आणायचा नाही. अत्तर नाही, तोंड धुवायचं औषध नाही, जखमेवरचं स्पिरिट नाही. ज्या दिवशी प्यायलास त्या दिवशी बॅग दाराबाहेर. बहीण रडली तरी मी ऐकणार नाही."

"बरोबर आहे, भाऊजी," बारक्या म्हणाला. मान खाली.

मलाही बरोबरच वाटलं. माझा नवरा माझ्या भावाला ठेवून घेतोय, ह्याचंच मला अप्रूप होतं. बारक्याला दुसरं कुठे जायलाही नव्हतं. आमच्या दारातून बाहेर पडला असता तर थेट जुन्या मित्रांच्या खोलीवर, आणि तिथून थेट स्मशानात. हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, मास्तरांनाही ठाऊक होतं.

तर झाड. उरलीसुरली पानंही गळाली आणि नुसत्या काड्या उरल्या. थंडी ओसरली तसं बारक्यानं त्या काड्या बोटभर ठेवून छाटल्या. छाटल्या तिथून पांढरा चीक गळायला लागला. मोरीच्या कट्ट्यावर, नळावर, माझ्या भांड्यांच्या घासणीवर. तो चीक त्याच्या मनगटाला लागला आणि तिथे लाल चट्टे उठले. मी म्हटलं, "फेकून दे ना मेलं." तो चट्टे खाजवत हसला. कित्येक वर्षांनी तो हसलेला बघितला म्हणून मी पुढचं बोलणं गिळलं आणि कट्टा घासायला घेतला.

नवी पानं आली, चांगली तरतरीत आली, आणि उन्हाळ्यात त्यावर पिठ्या ढेकूण पडले. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही ते सुखी आहेत. पानाच्या बगलेत कापसाचं बोंड अडकल्यासारखं दिसतं. जवळ जाऊन बघावं तर ते बोंड पाय हलवतंय. खालची पानं चिकट झालेली, त्या चिकटावर धूळ, त्या धुळीवर मुंग्या. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. केंद्रातल्या बाईंनी बारक्याला सांगितलं होतं की कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसा, एका दिवसात जातात.

"स्पिरिट ह्या घरात येणार नाही," मास्तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मग काय, मीच बसले. लोकांचे डाग काढून घरी यायचं आणि साबणाच्या पाण्यात काडी बुडवून एकेक किडा उकरायचा. दाबला की पचकन फुटतो आणि काडीला बुळबुळीत काहीतरी लागतं.  बारक्या समोर बसून पान धरायचा. आम्ही दोघं तेव्हा खूप बोललो, लहानपणी जितके बोललो नव्हतो तितके. पण झाडावरचा माझा राग काही कमी झाला नाही. त्याची जिरवायची म्हणून मी किडे मारत होते असं समजा.

पावसाळा सरला आणि खरी कटकट सुरू झाली. हे झाड लाल व्हायचं तर त्याला रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत मिट्ट अंधार लागतो. आठवडेच्या आठवडे, एकही दिवस न चुकता. मधे थोडा वेळ जरी दिवा लागला तरी केलेलं सगळं पाण्यात जातं. आमच्याकडे तसली जागा एकच, अडगळीची खोली. खिडकी नाही, एक बल्ब. तिथे जुन्या बॅगा, मोडका पंखा, आणि मास्तरांचे गाडी वळवायला शिकवतानाचे ते नारिंगी प्लास्टिकचे कोन, एकात एक घातलेले. बारक्या कामावरून यायचा, हातपाय धुवायच्या आधी झाड उचलून आत ठेवायचा, दार लावायचा. सकाळी काढून खिडकीत. कामं मिळायला लागली होती त्याला. एकदा माझ्या दुकानाच्या मालकिणीच्या न्हाणीघराची फरशी त्यानं बसवली, आणि मी मुद्दाम वाकून रेघ बघितली. सरळ होती. मी तिथेच डोळे पुसले.

पण झाड लाल होईना.

केंद्रात दर आठवड्याला तिथून घरी गेलेल्यांची बैठक असते. तिथून बारक्या यायचा तो तोंड पाडून. "सगळ्यांची वरची पानं फिरायला लागलीत," म्हणायचा. "एकाचं तर अख्खं झाड पेटलंय." आमचं मात्र हिरवंगार, माजलेलं. सुट्ट्या जवळ आल्या. दुकानांच्या काचेत नवी लाल झाडं लागली. मास्तर एकदा जेवताना म्हणाले, "केंद्रवाल्यांचं म्हणणं काय होतं? शुद्ध असते त्याचंच लाल होतं, नाही का?" आणि पेपरमिंट तोंडात टाकली. बारक्यानं घास ताटात ठेवला. मला नवऱ्याचा राग आला, पण खरं सांगते, शंकाही आली. ती शंका एकदा आत शिरली की चिकासारखी, धुतली तरी जात नाही.

मग बारक्यानं मला दुकानातून काळं अस्तर आणायला सांगितलं. "कशाला?" तर म्हणे, "असंच." मी कोणी न नेलेल्या कोटाचं अस्तर आणून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर झाड अडगळीच्या खोलीत नाहीच. ह्यानं ते हॉलमध्ये आपल्या खाटेखाली सरकवलं होतं, वर खोका, खोक्यावर ते काळं अस्तर.

"तिथे काय झालं होतं?"

"दमट आहे तिथे," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

त्या खोलीत तो पुन्हा पाऊल टाकेना. एकदा मी बॅग काढून आण म्हटलं तर म्हणाला, "तूच आण, ताई." जो माणूस माझ्या एका हाकेवर छतावर चढेल, तो दोन पावलांवरच्या खोलीत जायला नाही म्हणतो. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

आणि खरोखरीची चिलटंही होती. झाडाच्या ओल्या मातीत होतात ती काळी चिलटं, चहाच्या कपात पडायची, नाकात जायची. झाड हललं तरी अडगळीच्या खोलीतून ती येतच होती. मी म्हटलं, कुंडीखालची ताटली तिथेच कुजत पडली असणार. रविवारी संध्याकाळी बारक्या बैठकीला गेलेला, मास्तर हॉलमध्ये टीव्हीसमोर. मी बल्ब लावला, नाकाला पदर लावला आणि आत शिरले. ताटली मिळाली. तळाशी काळा गाळ, त्यात गळलेलं एक पान, त्यावर अळ्या. दोन बोटांच्या चिमटीत ती उचलली. पान अजून कुठे कुजतंय का म्हणून कोनांची चळत उचलली.

खाली बाटली. निम्मी.

 मी बूच उघडून नाकाशी नेलं नाही, गरज नव्हती. बाटली घेऊन मी तशीच हॉलमध्ये आले. मास्तरांनी टीव्ही बंद केला. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मी तुला सांगत होतो," ते शांतपणे म्हणाले. "झाडानंच सांगितलं होतं की."

बारक्या आला तेव्हा बाटली टेबलावर होती. तो दारातच थांबला. मला वाटलं होतं शपथा घेईल, पाया पडेल, पूर्वी पडायचा तसा. त्यानं बाटलीकडे बघितलं, मग मास्तरांकडे, जरा जास्तच वेळ. मास्तर पिवळ्या फडक्यानं चष्मा पुसत होते.

"काही बोलायचंय?" मी विचारलं.  "किळस येते मला तुझी, कळलं? त्या किड्यांची आली नाही तेवढी येते. वर्षभर माझ्यासमोर बसून पानं धरत होतास, आणि आत हे?"

तो आत आला. खाटेवर बॅग ठेवली आणि कपडे भरायला लागला.

"बॅग दाराबाहेर ठरलं होतं," मास्तर म्हणाले. "आपल्या पायांनी जातोय, चांगलंय."

कपडे भरून झाले तसा तो खाली वाकला, खाटेखालून झाड ओढलं, अस्तर बाजूला केलं, खोका उचलला. आणि मी बघतच राहिले. शेंड्याची पानं लाल झाली होती. पूर्ण नाही, शिरांजवळ अजून हिरवट, पण लाल. दोन पानं तर अशी लाल की दुकानात आलेल्या कोटावर तो रंग असता तर मी ते रक्त समजले असते.

"हे कधी झालं?" मी म्हटलं.

"इथे आणल्यावर," बारक्या म्हणाला. "आठ-दहा दिवसांतच फिरायला लागलं. दिवसा गच्चीवर उन्हात ठेवायचो, तुला पूर्ण लाल झाल्यावरच दाखवणार होतो." त्यानं कुंडी छातीशी धरली, पहिल्या दिवशी धरली होती तशी, आणि बॅग उचलली.

मी दारात आडवी उभी राहिले. माझं डोकं उशिरा चालतं, पण चालायला लागलं की थांबत नाही. खाटेखाली लाल होतं, आणि अडगळीच्या खोलीत इतके आठवडे हिरवं. म्हणजे त्या खोलीत रोज दिवा लागत होता. ह्या माणसानं त्या झाडासाठी हातपाय धुवायला उशीर केला, मनगटावर चट्टे सोसले, लोकांच्या नजरा सोसल्या. तो रोज स्वतः आत जाऊन दिवा लावेल आणि आपलंच झाड हिरवं ठेवेल? कोन कोणाचे? कामावरून आल्यावर कोन ठेवायला आत कोण जातं, आणि कोन ठेवायला इतका वेळ कशाला लागतो? आणि ती पेपरमिंट. परक्याच्या कोटाच्या कॉलरला तो वास आला असता तर मी एका क्षणात ओळखलं असतं की त्याच्याखाली काय दडवलंय. घरात मी त्याला घसा म्हणत होते. किती वर्षं म्हणत होते, देव जाणे.

"अहो," मी म्हटलं, "जरा माझ्याजवळ येऊन श्वास सोडा."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"नाक ठिकाणावर आहे. या ना."

ते आले नाहीत. खुर्चीचा हात धरून बसून राहिले आणि म्हणाले, "थकलेला माणूस घरी येऊन थोडीशी घेतो. मी काय ह्याच्यासारखा गटारात पडलोय का? माझ्या शर्टाला कधी डाग बघितलास?"

नव्हताच बघितला. म्हणून तर इतकी वर्षं फसले. मला त्या खोलीतल्या ताटलीची आली नव्हती तेवढी शिसारी आली. दिवसभर ह्यांच्या शेजारी लोकांची पोरं स्टिअरिंग धरून बसतात. त्यात सकाळी पहिली येणारी ती मुलगी, आपल्या आईनं पाठवलेला डबा आठवणीनं मास्तरांना देणारी.

मी बारक्याच्या हातातली बॅग काढून घेतली आणि खाटेवर उलटी केली. "तुला माहीत होतं?"

"बैठकीत सर म्हणाले होते, कोणीतरी दिवा लावतंय. मग एक दिवस मी बैठकीतून लवकर आलो तर दाराच्या फटीतून उजेड दिसला, आणि आत भाऊजी."

"मग तोंड शिवलं होतं तुझं? मला का नाही सांगितलंस?"

त्यानं झाड पुन्हा खाटेखाली ठेवलं, त्यावर खोका घातला, अस्तर चारी बाजूंनी दाबून नीट केलं. मग म्हणाला, "ताई, तू कोणाचं खरं मानलं असतंस?"

मी खाटेवरचे कपडे घडी करायला घेतले. त्याचं उत्तर टेबलावरच्या बाटलीनं मघाशीच दिलं होतं.

सकाळी मास्तर नेहमीसारखे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. रात्री काही घडलंच नाही असा चेहरा. खुंटीवर हात घातला. "गाडीची किल्ली?"

झाड खिडकीत आणून ठेवलं होतं. मी कुंडीकडे बोट दाखवलं. "मातीत आहे. कडेला, खोल खुपसलीय."

"ताई, मुळं जपून हां," बारक्या कोपऱ्यातून म्हणाला. मी म्हटलं, "बघितलीत मी मुळं."

"हा काय पोरकटपणा आहे," मास्तर म्हणाले. "खाली ती मुलगी येऊन उभी आहे."

"मग काढा की. हात घाला. बुळबुळीत आहे, चिलटं आहेत, एखादा ढेकूणही राहिला असेल. मी सगळा उन्हाळा घातलाय हात, मला काही झालं नाही."

त्यांनी बाह्या वर केल्या, दोन दुमड्या, अगदी सारख्या. आदल्या संध्याकाळपासून त्यांना काही मिळालं नव्हतं, बाटली मी मोरीत रिकामी केली होती. कुंडीवर हात नेला. चिलटं उडाली. तो स्वच्छ, नखं कापलेला हात मातीच्या वर थांबला, आणि मला दिसलं की बोटं थरथरताहेत. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर तोही थरथरत होता. बोट लाल पानाला लागलं आणि पान हलायला लागलं.

ती थरथर मी आधी बघितलेली आहे. कप बशीवर टकटक वाजायचा ती. बारक्यानं मान फिरवली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, पण तसं झालं नाही.

मी खिडकीतून खाली वाकून त्या मुलीला सांगितलं की मास्तरांची तब्येत बरी नाही, आज गाडी निघणार नाही, उद्याही नाही. मग भावाकडे वळले.

"तुझ्या त्या सरांचा नंबर दे," मी म्हटलं. "आणि विचार, त्यांच्याकडे अजून एखादं झाड आहे का."